डिक्शनरीसाठी युटिलिटी फंक्शन्स कशी लिहायची (मामांच्या अडतीतल्या घोळावरून)

हळदीचा सीझन सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डात नुसतं फिरून आलं तरी शर्ट पिवळा होतो. तिथं माझ्या मामांची अडत आहे आणि त्यांचा वहीतला हिशेब मी हौसेनं प्रोग्रॅममध्ये बसवून दिला होता, पायथनमध्ये पण फंक्शनल पद्धतीनं, म्हणजे कुठलीच डिक्शनरी (की-व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा) जागेवर बदलायची नाही, दरवेळी नवी तयार करून परत द्यायची. चौथ्या दिवशी मामांचा फोन. "अरं, तुंगच्या आप्पांची सकाळची पोती कुठं गेली? पट्टीवर नुसती दुपारचीच आल्यात, म्हातारा समोर बसून हाय."

(पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा मालाच्या हिशेबाचा कागद.) झालं होतं असं की आप्पांचा माल दोन खेपांत आलेला, सकाळी ६.४० क्विंटल आणि दुपारी ४.१०. माझ्याकडं दोन डिक्शनऱ्या, सकाळची आणि दुपारची, शेतकऱ्याचं नाव ही की (key, जिच्यावरून शोधायचं ती) आणि वजन ही व्हॅल्यू. दोन्ही मी उभ्या रेघेच्या ऑपरेटरनं जोडल्या (पायथन ३.९ मध्ये, २०२० साली आला तो) आणि दोन्हीकडं एकच की असेल तर तो ऑपरेटर उजवीकडची व्हॅल्यू ठेवतो, डावीकडची गुपचूप टाकून देतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, ६.४० क्विंटल हळद हवेत.

यात पायथनची चूक काही नाही, सगळ्यांनी काहीतरी ठरवलेलंच असतं. क्लोजर (Clojure) या भाषेचा मर्ज पण शेवटची व्हॅल्यू ठेवतो, उलट हॅस्केल आणि एल्म यांचा युनियन पहिली ठेवतो, म्हणजे एका भाषेतनं दुसरीत गेलात की तोच कोड बरोबर उलटा वागतो. चूक माझी होती, कारण "एकाच कीवर दोन व्हॅल्यू आल्या तर काय" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता, लायब्ररीनं माझ्यावतीनं उत्तर देऊन टाकलं.

तेव्हापासून डिक्शनरीसाठी युटिलिटी लिहायला बसलो की आधी दोनच गोष्टी बघतो: की दोनदा आली तर काय, आणि कीच नसली तर काय. या दोन्हीची उत्तरं फंक्शनच्या पोटात दडवायची नाहीत, बोलावणाऱ्याकडून मागून घ्यायची. पहिलं फंक्शन त्यामुळं हे लिहिलं (बाणांतलं शेवटचं ते उत्तर, आधीची सगळी आर्ग्युमेंट, आणि डिक्ट म्हणजे डिक्शनरी):

मर्जविथ : (व्हॅल्यू → व्हॅल्यू → व्हॅल्यू) → डिक्ट → डिक्ट → डिक्ट

वापरताना मर्जविथ (+) सकाळ दुपार. टक्कर झाली तर बेरीज कर, हे आता कॉलच्या जागीच दिसतं. भाव असेल आणि नवाच भाव पाहिजे असेल तर (जुना, नवा → नवा) असं फंक्शन द्या, पण द्या, कारण ते लिहिताना हात एक सेकंद थांबतो आणि त्या एका सेकंदासाठीच ही सगळी खटपट आहे. हॅस्केलमध्ये हेच युनियनविथ नावानं तयार आहे, क्लोजरमध्ये मर्ज-विथ, पायथनमध्ये साध्या डिक्टसाठी स्वतः लिहावं लागतं, पाच-सहा ओळींचं काम आहे.

आता की नसली तर काय. इथं आमच्या धंद्यातलं उदाहरण एकदम चपखल बसतं. मामा सीझनच्या आधी शेतकऱ्यांना उचल देतात, त्याची एक डिक्शनरी. आप्पांची की तिथं नसेल तर अर्थ त्यांनी उचल घेतलीच नाही, आणि की असून व्हॅल्यू ० असेल तर अर्थ घेतली होती आणि फेडली. दोन्ही सारखं दिसायला लागलं की मामा भडकतात, कारण पुढच्या वर्षी उचल द्यायची का नाही ते यावरच ठरतं. एल्म आणि हॅस्केलमध्ये शोधणारं फंक्शन मेबी परत करतं, म्हणजे "काहीतरी आहे" नाहीतर "काहीच नाही", आणि ती मेबी उघडून बघितल्याशिवाय व्हॅल्यू हातात येत नाही. पायथनचा गेट (कीवरून व्हॅल्यू काढून देणारा) तसाच वापरला तर नसलेल्या कीला नन (None, म्हणजे काहीच नाही) देतो, क्लोजरचा निल देतो, आणि कुणी मुद्दाम नन किंवा निलच व्हॅल्यू म्हणून ठेवलेली असेल तर दोघांतला फरक गेलाच.

मग डिफॉल्ट व्हॅल्यू वापरायची का नाही? वापरायची की, पण बघून. वजनाच्या बेरजेला डिफॉल्ट ० चालतं, नसलेलं वजन म्हणजे शून्यच वजन. भावाला ० डिफॉल्ट दिलंत तर ज्या लॉटचा सौदा अजून व्हायचाय त्याची पट्टी शून्य रुपयांची छापून येईल आणि ती हातात घेणारा माणूस तुमच्याशी फंक्शनल प्रोग्रॅमिंगवर चर्चा करणार नाही. म्हणून माझ्याकडं दोन वेगळी फंक्शन्स आहेत, नावंच वेगळी: एक शोध, जे मेबी देतं, आणि एक शोधकिंवा, ज्याला डिफॉल्ट द्यावंच लागतं. "ऑप्शनल डिफॉल्ट, नाही दिलं तर नन" असलं तिसरं मधलंच फंक्शन ठेवू नका, सगळे तेच वापरतात आणि मग बसा शोधत.

या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देणारं एक फंक्शन आहे आणि माझ्या मते नव्या माणसानं सुरुवात तिथूनच करावी. हॅस्केलमध्ये त्याला आल्टर म्हणतात, एल्ममध्ये अपडेट:

आल्टर : (मेबी व्हॅल्यू → मेबी व्हॅल्यू) → की → डिक्ट → डिक्ट

आत दिलेल्या फंक्शनला जुनी व्हॅल्यू मेबीमध्ये मिळते आणि त्यानं नवी मेबीमध्येच द्यायची. नव्हतं आणि दिलं, झालं इन्सर्ट. होतं आणि बदलून दिलं, झालं अपडेट. होतं आणि "काहीच नाही" दिलं, डिलीट. नव्हतं आणि दिलंही नाही, डिक्ट जशीच्या तशी. चार शक्यता, पाचवी नाहीच. एकदा हे हातात आलं की इन्सर्टविथ (असेल तर मिसळ, नसेल तर घाल) दोन ओळींत होतं, डिलीट एका ओळीत होतं. रोजच्या कोडमध्ये मात्र आल्टर सगळीकडं वापरू नका, वाचणाऱ्याला दरवेळी चारही फांद्या डोक्यात धराव्या लागतात. पायाला आल्टर, वर छोट्या नावाची फंक्शन्स.

आर्ग्युमेंटचा क्रम. फंक्शन पहिलं, मग की, डिक्ट सगळ्यात शेवटी, म्हणजे पाइप लावता येतो, एकाचं उत्तर सरळ पुढच्या फंक्शनला जातं:

ओळी
|> गोळाकर (+) नाव रक्कम
|> मॅपव्हॅल्यूज हमालीतोलाईवजा
|> फिल्टर (रक्कम → रक्कम > ०)

एल्म-हॅस्केलमध्येही डिक्ट शेवटी हाच रिवाज. क्लोजरमध्ये उलटं, तिथं डिक्शनरी पहिली येते आणि त्यांचा पहिल्या जागेचा बाण, म्हणजे त्यांचा पाइप, तसाच बनवलाय. आपण ज्या गावात राहतो तिथल्यासारखं वागावं, एवढंच, पण एका फाइलमध्ये दोन क्रम नकोत.

वरचं गोळाकर म्हणजे मी सगळ्यात जास्त वापरतो ते फंक्शन. लोक काय करतात, आधी ग्रुपबाय करतात, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाखाली त्याच्या ओळींची लिस्ट, आणि मग प्रत्येक लिस्टची बेरीज. चालतं, पण बेरीजच पाहिजे तर लिस्ट गोळा कशाला करायची, ओळींवर एक फोल्ड (एकेक ओळ घेत उत्तर पुढं नेत जाणं) चालवा, प्रत्येक ओळीला इन्सर्टविथ (+), झालं. हॅस्केलचं फ्रॉमलिस्टविथ हेच करतं. ग्रुपबाय तेव्हाच, जेव्हा ओळी खरंच पाहिजेत, आमच्याकडं पट्टीवर प्रत्येक लॉट वेगळा छापावा लागतो तेव्हा. आणि ग्रुपबायमध्ये एक खड्डा आहे, मी पडलोय त्यात: हॅस्केल-एल्मसारखी लिंक्ड लिस्ट (कडीला कडी जोडलेली) असेल तर नवी ओळ पुढं चिकटवणं स्वस्त असतं, मागं चिकटवायची तर ती दरवेळी शेवटपर्यंत चालत जावी लागते. पुढं चिकटवलं की क्रम उलटा होतो आणि सकाळचा पहिला लॉट पट्टीवर तळाला जातो. मग सरळ पुढं चिकटवा आणि शेवटी मॅपव्हॅल्यूज करून सगळ्या लिस्ट एकदाच उलट्या करा.

मॅपव्हॅल्यूजबद्दल सांगण्यासारखं फार नाही, की तशाच राहतात आणि व्हॅल्यू बदलतात, टक्कर व्हायचा प्रश्नच नाही, म्हणून ते निर्धास्त फंक्शन. गंमत एवढीच की क्लोजरच्या गाभ्यात ते २०२२ मध्ये, १.११ व्हर्जनला आलं, तोपर्यंत प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये युटिल नावाची फाइल आणि तिच्यात स्वतःचं मॅपव्हॅल्यूज असायचंच.

मॅपकीज (व्हॅल्यू तशाच, की बदलायच्या) मात्र तसं नाही, ते डेंजर. आमच्याकडं शेतकऱ्यांच्या नावाला की केलं की काय होतं सांगतो. निम्मी यादी पाटलांची, ते एक असो, नावासोबत गाव जोडलं की निभावतं. पण कऱ्हाडकडून पण माल येतो, आणि "कऱ्हाड" हा शब्द दोन पद्धतीनं टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर आणि त्याला हलंत, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारा जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, प्रोग्रॅमला दोन वेगळ्या की. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पोरगा एका तऱ्हेनं टाइप करायचा, मामा मोबाइलवरून दुसऱ्या, आणि एकाच माणसाच्या दोन पट्ट्या निघायच्या. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) चालवून बघितलं, ते र आणि खालचा नुक्ता मिळून ऱ करतं पण जॉइनरवालं रूप तसंच सोडतं. म्हणून स्वतःचं शुद्धकर लिहावं लागलं, जॉइनरवाल्या रूपाचं ऱ करायचं, मागची-पुढची स्पेस काढायची, दोन स्पेसची एक करायची.

आता हे शुद्धकर मॅपकीजला दिलं की दोन की एक होणार, आणि परत तोच पहिला प्रश्न, व्हॅल्यू कुठली राहणार? हॅस्केलचं साधं मॅपकीज जुन्या कींमधली जी मोठी तिची व्हॅल्यू ठेवतं. म्हणजे कुणाची हळद राहणार आणि कुणाची जाणार हे युनिकोडमधल्या अक्षरांच्या नंबरवर ठरणार! म्हणून माझ्या फाइलमध्ये साधं मॅपकीज ठेवलंच नाही, फक्त मॅपकीजविथ:

मॅपकीजविथ (+) शुद्धकर वजनं

उलटव, म्हणजे व्हॅल्यूची की आणि कीची व्हॅल्यू, त्याचंही तेच. शेतकरी → गाव ही डिक्शनरी उलटवली तर गाव → शेतकरी असं नाही होत, गाव → शेतकऱ्यांची लिस्ट होतं. टाइपमध्ये लिस्ट लिहा, म्हणजे कुणी फसणार नाही.

स्पीडबद्दल थोडं, कारण "दरवेळी नवी डिक्शनरी" म्हटलं की लोक दचकतात. हॅस्केलचा मॅप किंवा एल्मची डिक्ट आतून बॅलन्स्ड ट्री असते, हजार की असतील तर एक की घालताना साधारण दहाएक नोड नवे होतात, बाकीचं झाड जुनं आणि नवं मिळून वाटून घेतात. क्लोजरमध्ये ३२ फांद्यांचा ट्राय (हेही एक झाडच), तो अजून बुटका. पायथनच्या डिक्टमध्ये हे वाटून घेणं नाही, कॉपी म्हणजे पूर्ण कॉपी. फोल्डच्या प्रत्येक पायरीला कॉपी करत हजार वेगळ्या की घातल्या तर एकूण ४,९९,५०० नोंदी कॉपी होतात, मी सुरुवातीला हेच करून ठेवलं होतं आणि मामांचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायचा. मग गोळाकरच्या आत एक लोकल डिक्शनरी घेतली, ती बिनधास्त जागेवर बदलली आणि शेवटी परत केली. बाहेरून बघणाऱ्याला फंक्शन शुद्धच (बाहेरचं काही न बदलणारं) आहे, आत काय शिजलं ते त्याला दिसत नाही. यावर नाक मुरडणारे भेटतील, मुरडू दे. हॅस्केलवाल्यांनी एक बघा, बेरजा करायच्या असतील तर मॅपचं स्ट्रिक्ट मॉड्यूल घ्या, लेझीमध्ये बेरीज होतच नाही, "नंतर करतो" अशा उधारीच्या चिठ्ठ्या साठत जातात आणि मेमरी फुगते.

टेस्ट लिहिताना आप्पांचं वजन १०.५० आलं का एवढंच बघू नका. नियम लिहा आणि उलटसुलट डेटा टाकून तपासा, २००० सालच्या क्विकचेकपासून (हॅस्केलची टेस्टची लायब्ररी) ही पद्धत रुळलेली आहे आणि पायथनमध्ये त्यासाठी हायपोथेसिस ही लायब्ररी आहे. मॅपव्हॅल्यूजनंतर की तेवढ्याच राहिल्या पाहिजेत. रिकाम्या डिक्शनरीशी मर्जविथ केलं तर काही बदलता कामा नये. आणि सगळ्यात कामाचा नियम, जो पहिल्या दिवशी असता तर तो फोनच आला नसता:

बेरीज (मर्जविथ (+) अ ब) = बेरीज अ + बेरीज ब

एवढं करून मामांना दाखवलं तर म्हणाले, "हे तर आम्ही करतोच की, संध्याकाळी काट्याची एकूण आणि पट्ट्यांची एकूण जुळल्याशिवाय गल्ला बंद करत न्हाई." मग तीच ओळ टेस्टमधनं उचलून चालू प्रोग्रॅममध्ये पण टाकली, वजनं असल्यामुळं दशांश नको म्हणून सगळं किलोत, पूर्णांकात. काट्याच्या ओळींची बेरीज आणि पट्ट्यांची बेरीज एका किलोनं जरी चुकली तर प्रिंटर सुरूच होत नाही आणि कुठली नावं जुळत नाहीत ती यादी स्क्रीनवर येते.