येऊरचं वळण, उजवा पिलर आणि माझी मान

कॅब चालवायला लागून दीड वर्ष झालं, तरी ठाण्यात उपवनहून येऊरच्या डोंगरावर चढताना अजून स्टेअरिंगवर हात घट्ट होतात. हाफ क्लच, चढावर गाडी उचलणं वगैरे तुम्हाला येत असेलच, ते सोडा. मला नडला तो पिलर.

काच आणि दरवाज्याच्या मधला तो उजवा खांब हो. उजवं वळण घेताना आपली नजर नेमकी तिकडेच असते. मी बघितलं, रस्ता मोकळा. समोरून स्कूटी येत होती, पण मी वळतोय तसा खांबही फिरतोय आणि स्कूटीही तिकडेच सरकतेय, दोघांचं जुळलं की ती पार जवळ येईपर्यंत खांबाआडच राहते. वर मी शहाणपणा करून मोबाइलचा स्टँड त्याच कोपऱ्यात चिकटवलेला, सगळेच लावतात म्हणून! काकांनी स्कूटी मातीत उतरवली म्हणून वाचलो, माझा आरसा गेला. "दिसत नाही का रे?" खरंच दिसलं नव्हतं.

तर मान हलवा. वळणाआधी आणि वळतानाही जरा पुढे झुका, मग मागे, कबुतरासारखं. खांबाआडचं लगेच बाहेर येतं. एकदाच बघून 'मोकळं आहे' म्हणू नका, दोनदा बघा, जागा बदलून बघा.

आमचे उस्ताद म्हणायचे, हॉर्न मार आणि घाल. हॉर्न द्याच, पण हॉर्नने आपल्याला काय दिसतं? ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. रस्ते कसे बांधायचे त्याचे निकष ठरवणारे आयआरसीवाले (इंडियन रोड्स काँग्रेस) बघून ब्रेक मारायला अडीच सेकंद धरतात, म्हणजे तेवढ्यातच २८ मीटर गेले, गाडी थांबेपर्यंत ४५. येऊरला झाडी रस्त्याला टेकलेली, तेवढं पुढचं दिसत नसेल तर २५ नेच जा, मागचा कितीही ठणाणा करू दे.

वळणावरच्या गोल आरशात गाडी आहे की नाही एवढंच बघा, त्यात सगळंच लहान आणि लांब वाटतं. रात्री उलट बरं, समोरचा उजेड आधी झाडांवर पडतो, फक्त बिबट्याला आणि वॉकवाल्यांना हेडलाइट नसतो.

घाबरू नका पण, महिनाभरात सवय लागते. स्टँड मी खाली एसीच्या जाळीला लावलाय. परवा मागून एका मावशींनी विचारलं, "मान आखडलीय का रे बाळा, बाम देऊ?"