मोठ्या बोअरच्या ट्रम्बोनला लीडपाइप निवडताना

माझा ट्रम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं (स्लाइडचं) फुंकून वाजवायचं वाद्य, सेकंडहँड आहे, .547 इंच बोअरचा. बोअर म्हणजे स्लाइडमधल्या नळीचा आतला व्यास, इथे जवळपास 13.9 मिलिमीटर. वरातीत मी तो नेत नाही. डीजेच्या भिंतीपुढे कशाला दम घालवायचा, तिथे छोट्या बोअरचा जुनाच बरा. हा नाताळात, शरणपूर रोडला, आमच्या चर्चमध्ये वाजतो. केसमध्ये तीन लीडपाइप मिळाले, 1, 2 आणि 3 असे आकडे कोरलेले.

लीडपाइप म्हणजे माउथपीस ज्यात बसतो ती स्लाइडच्या आतली वीतभर नळी. तोंडाशी रुंद, मग एकदम अरुंद, तिथून पुढे हळूहळू पुन्हा रुंद. त्या अरुंद गळ्याला व्हेंचुरी म्हणतात. गळा आवळलेला असेल तर फुंकेला अडण मिळते, सूर पटकन पकडतो. मोकळा असेल तर आवाज पसरतो, पण दमही तितकाच जातो. माझ्या संचात आकडा वाढतो तसा गळा मोकळा होतो. दुसऱ्या कंपनीचा 2 म्हणजे तुमचाच 2, असं मात्र धरू नका.

विकत घेण्याआधी आपली नळी निघते का ते बघा. बऱ्याच ट्रम्बोनना ती डाग देऊन पक्की बसवलेली असते; ती काढणं कारागिराचं काम. आट्यांची असेल तर कुठल्या कंपनीचे आटे ते विचारा, सगळ्यांचे जुळत नाहीत. शँक, म्हणजे माउथपीसचा नळीत जाणारा दांडा, मोठीच हवी. पितळ, जर्मन सिल्व्हर, चांदी यावर वाद भरपूर चालतात. माझ्या कानाला आकाराचा फरक आधी कळतो, धातूचा कधी कधी.

आता पारख. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी पितळ गारठलेलं असतं आणि सूर उतरलेला, म्हणून आधी पंधरा मिनिटं वाजवून घ्या. माउथपीस तोच ठेवा. पहिल्यांदा हळू वाजवा: मधला एफ, खालचा बी फ्लॅट, मग वरचा. हळू आवाजात सूर फुंकेसरशी लागतो की आधी नुसती हवा जाते, ते ऐका. पहिल्या पोझिशनमधला (स्लाइड पूर्ण आत असतानाचा) वरचा डी जरा उतरलेला असतोच, त्याचं खापर लीडपाइपवर फोडू नका. मग जोरात वाजवा. माझा 1 इथे खालच्या सुरांना गुदमरला.

3 ने मला चकवलं. घरात पाच मिनिटं वाजवला तर वाटलं, हाच! चर्चमध्ये संथ स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीला दम संपला. म्हणून बायकोला शेवटच्या बाकावर बसवलं, भाच्याला नळ्या बदलायला लावलं, आकडा तिला सांगायचा नाही. ती म्हणाली, "दुसऱ्या वेळेचा माझ्यापर्यंत आला, तिसऱ्या वेळेचा तुमच्याजवळच राहिला." दुसऱ्या वेळेला 2 होता. वाजवताना मला तो सगळ्यात बारीक वाटला होता!

एक चूक माझी. पावसाळाभर नळी काढलीच नाही. आटे कळकले, हिरवे झाले. मी पक्कड लावली. कडेला दोन दात उमटले आणि माउथपीस डुगडुगायला लागला. आता महिन्यातून एकदा नळी काढतो, पुसतो, आट्यांना ग्रीसचं बोट लावतो आणि हातानेच आवळतो. उरलेल्या दोन नळ्या जुन्या मोज्यात गुंडाळून केसमध्ये असतात.