रात्री घामाने जाग येते? पाठीखाली पंचा अंथरा

चाळिशी ओलांडली, पाळी पुढेमागे व्हायला लागली की कधी रात्री दोन-अडीचला अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं आणि गाऊनची पाठ चिंब. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन वरखाली झालं की मेंदूतलं तापमानाचं नियंत्रण हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी घाम फुटतो. म्हणून जाड ब्लँकेट नको. दोन पातळ सुती चादरी घ्या, एकेक पायाने ढकलता येते. सॅटिनचे गाऊन दिसतात छान, पण बहुतेक पॉलिस्टरचे, घाम टिपत नाहीत. गादीवर पाठीखाली पंचा अंथरा. भिजला की ओढून काढायचा, मध्यरात्री अख्खी चादर बदलायची कटकट नाही. कोरडा सुती गाऊन आणि पाण्याचं भांडं उशाशीच ठेवा, म्हणजे दिवा लावावा लागत नाही. दिवा लागला की झोप उडालीच. नवऱ्याला पंखा सोसत नसेल तर त्याला जाड पांघरूण द्या, पंखा बंद करू नका! रात्रीचा झणझणीत रस्सा आणि संध्याकाळनंतरचा चहा आठवडाभर सोडून बघा. सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही. घामासोबत ताप येत असेल, वजन घटत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. रोजच झोपेचं खोबरं होत असेल तरीही जा, यावर औषधं आहेत.