योनीमार्गातल्या औषधाचे नॅनोकण: एम.फार्म.चा प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

सोलापुरात एम.फार्म. करताना मी क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशक औषधाचे योनीमार्गातून द्यायचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) हा विषय घेतला. विषय सांगताना घरात आवाज आपोआप खाली येतो. पण कॅन्डिडा या बुरशीच्या खाजेने बेजार झालेल्या बाया आपल्याच गल्लीत असतात. क्रीमचा बराचसा भाग गळून जातो, रोज रात्री पुन्हा लावावं लागतं, आणि लाजेपायी डॉक्टरकडे जाणं लांबत जातं. तेव्हा विषय बिनधास्त घ्या.

बहुतेक जण कणांचा आकार आणि झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार) यातच वर्ष घालवतात. मग डायलिसिस बॅगेतून, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीतून, औषध चोवीस तास झिरपलं की ‘दीर्घकाळ टिकणारं’ म्हणून मोकळे होतात. हे मला अजिबात पटत नाही. बॅगेत म्युकस, म्हणजे शरीरातला चिकट स्राव, कुठे असतो? योनीत तो सतत तयार होतो, वाहून जातो, आणि त्याला चिकटलेला कणही सोबत जातो. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या म्युकसला न चिकटणाऱ्या पॉलिमरचा दाट थर दिलेले २०० आणि ५०० नॅनोमीटरचे कण मानवी म्युकसमधून पाण्याच्या तुलनेत फक्त ४ ते ६ पट हळू सरकतात. म्हणून चिटोसानचे चिकटणारे कण करणार असाल, तर पीईजीवाले कणही शेजारी ठेवून तपासा.

कणांतून औषध किती सुटतं (रिलीज) ते मोजायला ७.४ पीएचचं बफर नको, योनीत आम्ल असतं. लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल, ग्लुकोज, युरिया, ग्लिसरॉल, अल्ब्युमिन घालून ४.२ पीएचचा कृत्रिम योनीस्राव बनवा. क्लोट्रिमाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या द्रावात किती विरघळतं ते आधी मोजा.

टिकाव मात्र ऊतीवरच कळतो. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. शेळीची योनीऊती सकाळीच थंड सलाइनमध्ये आणा आणि त्याच दिवशी वापरा. ती तिरकी लावून वरून स्राव थेंबथेंब सोडा. किती औषध धुऊन गेलं आणि किती ऊतीत उरलं, दोन्ही मोजा. तुलनेसाठी नुसतं औषध आणि रिकामे कणही सोबत हवेतच. शेळीत मानवी योनीइतकं आम्ल नसतं, हे थिसिसमध्ये स्पष्ट लिहा. लॅक्टोबॅसिलस हे योनीतले उपयोगी जीवाणू मरत नाहीत ना, हेही बघा. संसर्ग रोखणारं ते आम्ल त्यांच्यामुळेच टिकतं.

प्राण्यांवर प्रयोग करायचा असेल तर एथिक्स कमिटीचा अर्ज सुरुवातीलाच द्या. आणि पीएलजीए हे कण बनवायचं पॉलिमर हिवाळ्यातच मागवा. ते ४५ ते ५० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात उभ्या गाडीत पार्सल सहज तितकं तापतं.