जुन्या पिकअपला शॉकअप घेण्याआधी

शॉकअप घ्यायला गेलं की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली, मॉडेल कितीचं?" आपण बोलेरो पिकअप किंवा टाटा 207 सांगतो आणि समोर खोका येतो. नव्या गाडीला एवढं पुरतं. पण नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून वर्षानुवर्षं वाशी मार्केटला गेलेली गाडी कंपनीतून आली तशी राहिलेली नसते. मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) एखादं पान वाढवलेलं असतं, पुढचे पाटे बसलेले असतात, टायरचा साइज बदललेला असतो. म्हणून शॉकअप घ्यायचा तो आज दारात उभ्या असलेल्या गाडीच्या मापाने. त्याची तयारी दुकानात जायच्या आधी, घरीच करायची.

आधी दोष शॉकअपचाच आहे ना, हे बघा. नळीवर बारीक ओलसर थर असला तर घाबरू नका. तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल जमला असेल, तर मात्र सील गेलं. टायरच्या गोलाईवर हात फिरवा. उंच-सखल चट्टे लागले तर चाक रस्त्यावर नाचतंय. ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणं, रिकाम्या गाडीची मागची बाजू वळणावर बाहेर सरकणं, ही लक्षणंही तीच. कोपरा दाबून गाडी किती वेळा डुलते ते बघायची पद्धत पिकअपच्या मागच्या बाजूला फारशी उपयोगाची नाही. तिथले पाटे इतके कडक असतात की माणसाच्या वजनाने हलतच नाहीत. खडखडाट असेल तर शॅकलचे (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचे) पिन-बुश, यू-बोल्ट आणि तुटलेलं पान आधी तपासा, कारण हे दुखणं नव्या शॉकअपने जात नाही.

इथे एक समज मनापासून सोडून द्यायला हवा. "टाइट शॉकअप टाकला की माल जास्त बसतो" असं खूप जण सांगतात. माल पेलतात ते पाटे. शॉकअप पाट्याची उसळी थांबवतो: आतला पिस्टन तेल बारीक झडपांतून ढकलतो, हालचालीची उष्णता होते आणि ती नळीवाटे बाहेर जाते. गाडी मालाने बसत असेल तर पाटेवाल्याकडे जा. उगाच कडक शॉकअप घातला तर वाशीहून परतताना, रिकाम्या हौद्याने माळशेज चढताना मागचं चाक खड्ड्यागणिक रस्ता सोडतं, आणि ते धोक्याचं आहे. तुमची गाडी येताना रिकामी असते का, याचं उत्तर काउंटरवर सांगायलाच हवं.

आता माप, आणि यात घाई करू नका. चासीला जॅक आणि भक्कम स्टँड लावून चाकं लोंबकळू द्या. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मधोमधपासून मधोमधपर्यंत अंतर टेपने मोजा; ते झालं पूर्ण ताणलेलं माप. मग एक्सलपासून वरच्या रबरी बंप स्टॉपपर्यंत किती जागा उरते ते गाडी जमिनीवर उभी असताना मोजा आणि त्या वेळच्या शॉकअपच्या लांबीतून वजा करा; ते झालं पूर्ण मिटलेलं माप. शॉकअप तिरका बसलेला असतो, त्यामुळे हे माप थोडं सावध बाजूचं येतं, ते चालेल. ताणलेल्या मापापेक्षा नवा शॉकअप आखूड असला तर चाक खाली गेल्यावर सगळा झटका त्याच्या डोळ्यावर (टोकाच्या गोल कडीवर) आणि ब्रॅकेटवर येतो. मिटलेला असताना तो लांब असला तर बंप स्टॉपच्या आधीच आतून आपटतो आणि महिन्याभरात संपतो. पान वाढवून मागची बाजू उचललेली असेल तर पहिली अडचण हमखास येते. दोन्ही टोकांना डोळा आहे की पिन, बोल्टची जाडी किती, बुशची रुंदी किती, हेही लिहून घ्या. चासी नंबर सतरा अक्षरी असतो, तो आरसी बुकवरून उतरवा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये टनाप्रमाणे भाग बदलतात.

तेलाचा की गॅसचा? ट्विन-ट्यूबमध्ये (एकात एक दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये) थोडा नायट्रोजन भरलेला असला तर खराब रस्त्यावर तेलाला फेस येत नाही, आणि लांबच्या फेऱ्यांसाठी मी तोच घेईन. एकाच नळीचा मोनो-ट्यूब थंड लवकर होतो, पण त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला की पिस्टन अडकतो. शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला तो खर्च झेपत नाही. गॅब्रिएल कंपनीचा शॉकअप आपल्या चाकण-नाशिकच्या कारखान्यांतून येतो आणि तालुक्याच्या गावीही मिळतो. मोठा फायदा हा की एक खराब झाला तर तसाच दुसरा सापडतो. तेल बदलून, रंग मारून विकलेले जुने शॉकअप कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. दांड्यावर ओरखडा असला की नवं सीलही टिकत नाही. घ्यायचे ते एका एक्सलचे दोन्ही एकदम.

बसवायच्या आदल्या संध्याकाळी गंजलेल्या नटांवर तेल सोडून ठेवा. कोकणातल्या गाड्यांना तर हे हवंच. ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा आहे का, ते तारेच्या ब्रशने घासून बघा. बोल्ट नवे आणा, डोक्यावर 8.8 (मजबुतीचा दर्जा) कोरलेले. जुना गॅसचा शॉकअप गॅस कटरने कापू देऊ नका, आत दाब असतो.

फिटरला तीन गोष्टी नम्रपणे पण ठामपणे सांगा. नवा ट्विन-ट्यूब उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खेचून-दाबून घ्यायचा, म्हणजे आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. चकाकता दांडा पक्कडीने धरायचा नाही. डोळ्याचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, नाहीतर बुशचं रबर पिळलेलं राहून फाटतं. पिनवाल्या टोकाला रबर वायसरच्या कडेपर्यंत फुगेल इतकंच आवळायचं.

पहिली भरलेली फेरी झाली की बोल्ट पुन्हा तपासा. खराब रस्त्यावरून उतरल्यावर गाडी थांबवून एकाच एक्सलच्या दोन्ही नळ्यांजवळ हात न्या. दोन्ही सारख्याच कोमट हव्यात. सायलेन्सर ज्या बाजूला आहे तिथली थोडी जास्त तापेल, तेवढं सोडून द्या. एक गरम आणि दुसरी थंडगार असेल तर थंड शॉकअप काम करत नाहीये. बिल आणि खोका घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जा.