एक्सप्रेशन पेडल: तीन तारा, दोन टोकं आणि वरचा पाय

एक्सप्रेशन पेडल म्हणजे इफेक्टचं एखादं सेटिंग वाजवता वाजवता पायाने बदलणारं पेडल; त्यातून गिटारचा आवाज जात नाही. एवढं एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. वाह (आवाज ‘वा-वा’ असा फिरवणारा इफेक्ट) किंवा साध्या व्हॉल्यूम पेडलमध्ये सिग्नल खरोखर आत शिरतो आणि बाहेर पडतो. एक्सप्रेशन पेडलच्या पोटात मात्र नुसता एक पॉट (फिरवल्यावर रोध बदलणारा घटक) असतो, बहुतेक वेळा १० किलोओहमचा, लिनिअर, म्हणजे फिरवाल त्या प्रमाणात सारखा बदलणारा. मल्टिइफेक्ट्स युनिट, म्हणजे अनेक इफेक्ट एकत्र देणारं यंत्र, त्याला थोडा व्होल्टेज पुरवतं, पाय जिथे असेल त्या मानाने त्यातला काही भाग परत येतो, आणि तो मोजून युनिट ठरवतं की डिलेचा (प्रतिध्वनीचा) फीडबॅक, म्हणजे पुनरावृत्ती, किती वाढवायचा, फिल्टर कुठे न्यायचा.

म्हणून गिटारची केबल इथे चालत नाही. तीन तारांची टीआरएस केबल लागते. ओळखायची सोपी खूण: गिटारच्या पिनेवर एक काळं वळं असतं, टीआरएस पिनेवर दोन. दोन काळ्या वळ्यांच्या मधला भाग म्हणजे रिंग, पुढचं टोक म्हणजे टिप आणि मागचा लांब भाग म्हणजे स्लीव्ह. मोनो पीन घातली तर जॅकच्या आत रिंग आणि स्लीव्ह एकमेकांना चिकटतात, पॉटला मिळणारा व्होल्टेज थेट ग्राउंडला जातो आणि पाय कितीही हलवा, युनिटवरचा आकडा जागचा हलत नाही. काही मोजकी पेडल दोन तारांवर चालण्यासाठीच बनवलेली असतात. ते मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

पोलॅरिटी तपासून घ्या

पोलॅरिटी म्हणजे कुठली तार टिपवर आणि कुठली रिंगवर; पेडल आणि युनिट वेगवेगळ्या कंपन्यांचं असेल तर खरी गोम इथे आहे. रोलंडच्या ईव्ही-५ मध्ये वायपर, म्हणजे पॉटचा मधला पाय, टिपवर असतो आणि व्होल्टेज रिंगवर. यामाहाच्या एफसी७ मध्ये नेमकं उलट: वायपर रिंगवर. उलट जोडी जमली तर पेडल पूर्ण बंद पडत नाही, आणि घोळ होतो तो त्यामुळेच. टाचेपासून चवड्यापर्यंतच्या प्रवासात बहुतेक ठिकाणी आकडा एका टोकाला चिकटून राहतो आणि अगदी शेवटच्या बोटभर अंतरात एकदम कोसळतो. माणूस समजतो पॉट खराब झाला, आणि चांगलं पेडल दुरुस्तीला जातं.

मल्टिमीटर असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. केबल पेडलमध्ये लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर (काही दिसलं नाही तर २०० वर). आधी रिंग आणि स्लीव्हमध्ये मोजत पेडल हलवा, मग टिप आणि स्लीव्हमध्ये. रिंग–स्लीव्हचा आकडा स्थिर आणि टिप–स्लीव्हचा बदलता असेल तर पेडल रोलंड पद्धतीचं. उलट असेल तर यामाहा पद्धतीचं. बदलता आकडा सलग सरकायला हवा. मध्येच उडी मारली किंवा मीटरने तार तुटल्यासारखं दाखवलं तर त्या जागी पॉटचा पट्टा झिजलेला किंवा मळलेला आहे.

पद्धत जुळत नसेल तर आधी युनिटच्या ग्लोबल सेटिंगमध्ये पोलॅरिटीचा पर्याय आहे का बघा, आणि पेडलच्या तळाशी सरकबटण आहे का तेही. एम-ऑडिओच्या ईएक्स-पीला असं बटण आहे. दोन्हीकडे नसेल तर केबल स्वतः बनवा: दोन टीआरएस पिना, दोन कोअरची शिल्डेड वायर, आणि एका टोकाला टिप व रिंगच्या तारांची अदलाबदल. फक्त एकाच टोकाला. त्या केबलला लाल टेप गुंडाळायला विसरू नका, नाहीतर पुढच्या कार्यक्रमात ती भलत्याच जॅकमध्ये जाईल.

घरात जुनं पॅसिव्ह (वीज न लागणारं) व्हॉल्यूम पेडल पडून असेल तर त्याचंही काम भागतं. मिक्सरवर वापरतात ती इन्सर्ट केबल घ्या, म्हणजे एका टोकाला टीआरएस आणि दुसरीकडे दोन मोनो पिना. रोलंड पद्धतीच्या युनिटसाठी रिंगची पीन पेडलच्या इनपुटला, टिपची आउटपुटला. २५ किलोओहमचं पेडल बरं चालतं. २५० चं थरथरतं किंवा पूर्ण टोक गाठत नाही. शिवाय व्हॉल्यूम पेडलचा पॉट बहुधा लॉगरिदमिक असल्याने सगळा बदल प्रवासाच्या एकाच बाजूला गोळा होतो. तात्पुरती सोय, त्यापलीकडे नाही.

कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे पेडलची दोन टोकं युनिटला ओळखवून देणं: युनिट सांगेल तेव्हा टाच पूर्ण खाली, मग चवडा पूर्ण खाली. चूक होते ती जोर लावण्यात. टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून कॅलिब्रेट केलं की मंचावर उभ्याने पायाला तेवढा जोर येत नाही आणि आकडा ९६-९७ वरच अडकतो. पेडल जमिनीवर ठेवा, उभे राहा, गिटार गळ्यात घाला आणि वाजवताना पडेल तेवढाच भार टाका. पादत्राणही तेच. गणपतीच्या मंडपात किंवा पूजा मांडलेल्या मंचावर चपला बाहेर राहतात, त्यामुळे अनवाणी पायानेही एकदा तपासून बघावं. चवड्याखालचं बटण दाबून वाह चालू होणाऱ्या पेडलांवर तर अनवाणी पायाची परीक्षाच होते. तिथे पेडल हलताच इफेक्ट चालू होण्याची सोय युनिटमध्ये असेल तर ती निवडा. मात्र तिचा उंबरठा ५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, नाहीतर ढोल वाजला की वाह आपणहून जागा होईल.

टोकं ठरवणं, म्हणजे निम्मी कला

नवं पेडल जोडलं की जवळपास प्रत्येक जण ० ते १०० अशी पूर्ण मर्यादा ठेवतो. मग कार्यक्रमात पाय जिथे थांबतो तिथे कुठलाच आवाज कामाचा नसतो. दोन्ही टोकांना वाजवता येईल असा आवाज हवा, मधला भाग त्यांच्यातली वाट. सुरुवातीला हे आकडे घ्या आणि मग कानाने हलवा.

डिलेचा फीडबॅक: टाचेला २०, चवड्याला ७०. ९० च्या पुढे बऱ्याच डिलेंमध्ये आवाज स्वतःवरच चढत जातो आणि मंचावर आवरत नाही. रिव्हर्बचा (घुमण्याचा) मिक्स, म्हणजे मूळ आवाजात त्याचं प्रमाण: १० ते ४५. ड्राइव्ह (आवाज फाटका करणारा इफेक्ट): गेन, म्हणजे फाटण्याचं प्रमाण, ३ वरून ७ वर नेताना त्याच पेडलला लेव्हलही ७ वरून ६ वर उतरती जोडा, नाहीतर सोलोऐवजी नुसता गोंगाट वाढतो. एकाच पेडलला दोन-तीन गोष्टी विरुद्ध दिशांनी बांधता येतात, आणि एक्सप्रेशन पेडलची खरी मजा तीच आहे. डिलेचा टाइम मात्र पायावर घेऊ नका. हलवताना सूर वाकडा होतो, काही युनिटमध्ये टकटक येते. मुद्दाम तो परिणाम हवा असेल तर गोष्ट वेगळी.

व्हॉल्यूम ब्लॉक (युनिटमधल्या इफेक्टच्या साखळीतला आवाजाचा टप्पा) कुठे ठेवता यावर सगळं बदलतं. ड्राइव्हच्या आधी ठेवला तर टाच खाली येताना आवाज स्वच्छ होत जातो, गिटारचा नॉब कमी केल्यासारखा. ड्राइव्हच्या नंतर पण डिलेच्या आधी ठेवला तर टोन तसाच राहून पातळी उतरते, आणि आवाज बंद केल्यावरही डिलेचं शेपूट वाजत राहतं. व्हायोलिनसारखी हळू उगवणारी नोट याच जागेवरून निघते. सगळ्यात शेवटी ठेवला तर शेपूटही कापलं जातं.

प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) बदलताना होणारा झटका ही दुसरी नेहमीची तक्रार. युनिट साठवलेला आकडा उचलतं, पाय मात्र भलतीकडे असतो. पाय हलताच आवाज उडी मारतो. सर्व प्रीसेटमध्ये टाच खाली म्हणजे मूळ आवाज असा एकच नियम पाळा आणि बदलण्यापूर्वी टाच खाली न्या. व्हॉल्यूमला हा नियम लावता येत नाही, म्हणून त्याला शक्यतो वेगळं पेडल.

मिडीवरून चालवताना

बेहरिंगर एफसीबी१०१० सारख्या पायाने चालवायच्या पाटीवरची दोन्ही पेडल मिडीच्या (वाद्ययंत्रांतल्या डिजिटल संदेशांच्या पद्धतीच्या) सीसी, म्हणजे कंट्रोल चेंज, संदेशांतून बोलतात. चॅनल आणि सीसी क्रमांक दोन्हीकडे एकच असावा: व्हॉल्यूमला सहसा ७, एक्सप्रेशनला ११, फूट कंट्रोलरला ४. सीसीला ० ते १२७ अशा १२८ पायऱ्याच असतात. फिल्टर फार रुंद पट्ट्यात फिरवलात तर त्या पायऱ्या कानाला खरखरीसारख्या ऐकू येतात. पट्टा अरुंद केला की प्रत्येक पायरी लहान होते. प्रोग्रॅम चेंज (प्रीसेट बदलण्याचा संदेश) एका घराने चुकत असेल तर घाबरू नका, एक यंत्र ० पासून मोजतं आणि दुसरं १ पासून. लहान टीआरएस मिडी जॅक असलेल्या पेडलांमध्ये टाइप ए आणि टाइप बी अशा दोन जोडण्या आहेत. २०१८ पासून टाइप ए हे प्रमाण ठरलं, पण जुनी यंत्रं बाजारात फिरतातच.

देखभाल

पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, पाय स्थिर असूनही आकडा ६३-६४ असा थरथरायला लागतो. आधी पिना पुसून बघा. मग पॉटमध्ये वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा मारून पेडल २०-३० वेळा टोकापासून टोकापर्यंत हलवा. बिजागरीचं गंजनिरोधक तेल इथे वापरू नये. मोर्लीच्या ऑप्टिकल पेडलांत पॉटऐवजी प्रकाशावर चालणारा सेन्सर असतो, त्यांना हा त्रास नाही.

पेडल आपोआप खाली झुकत असेल तर पॉटला दोष देऊ नका. बहुतेक पेडलांच्या बिजागरीजवळ ताण वाढवणारा स्क्रू असतो. तो पाव फेरी घट्ट करून बघा.

सफाईने भागलं नाही तर बी१०के असं छापलेला पॉट आणा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. ए१०के नको, तो लॉगरिदमिक. दांड्याची लांबी आणि जाडी जुन्याशी जुळवून घ्या. दातेरी चाकाचं पेडल असेल तर जुना पॉट काढण्यापूर्वी चाक आणि पट्टी यांच्यावर मार्करने एक आडवी रेघ मारा. नवा पॉट पूर्ण एका टोकाला फिरवून, टाच खाली असताना बसवा. एक दात जरी पुढेमागे गेला तरी पेडल एका बाजूला आकडा गाठत नाही आणि दुसरीकडे पॉटचा अडसर मोडतो. बसवल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन.