कूपे गाड्यांची वजनं तोलताना या चुका टाळा

टोयोटा जीआर८६ चं वजन साधारण १,२७० किलो. डॉज चॅलेंजर हेलकॅटचं २,००० किलोंच्या वर. दोघीही दोन दारांच्या, मागे उतरत गेलेल्या छताच्या, आणि दोघींनाही आपण बिनदिक्कत ‘स्पोर्टी कूपे’ म्हणतो. मधला फरक एवढा, की त्यात एक अख्खी मारुती ८०० बसेल, वर तिचा चालकही.

हा फरक येतो कुठून, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. इंजिन मोठं, चाकं मोठी, अमेरिकेत सगळंच मोठं. यातलं काहीच साफ खोटं नाही. पण खरा भार जिथे लपलेला असतो तिथे सहसा कोणी बोट ठेवत नाही. त्याआधी मात्र आकड्यांचाच घोळ निस्तरायला हवा, कारण बरेच वाद तिथेच संपतात.

मापं वेगळी, तुलना एकच

पोर्शे ९११ कॅरेराच्या ९९२ पिढीसाठी कंपनी दोन आकडे देते: १,५०५ आणि १,५८० किलो. गाडी तीच. पहिला आकडा जर्मन डीआयएन पद्धतीचा, म्हणजे तेल, पाणी, पेट्रोल घातलेली पण रिकामी गाडी. दुसरा युरोपीय पद्धतीचा, त्यात ६८ किलोंचा चालक आणि ७ किलो सामान धरलेलं असतं. एका गाडीचा पहिला आकडा आणि दुसरीचा दुसरा घेतला, की ७५ किलोंची चूक बसल्या जागी झाली.

‘कोरडं वजन’ हा त्याहून बिलंदर प्रकार. अल्फा रोमिओ ४सी ८९५ किलोंची म्हणून गाजली. तो आकडा कोरडा होता: ऑइल नाही, कूलंट नाही, पेट्रोल नाही. अशी गाडी शोरूममधून ढकलतच बाहेर काढावी लागेल. तिच्याशेजारी आल्पीन ए११० चे तेल-पेट्रोलसह सुमारे १,१०० किलो ठेवले, तर आल्पीन उगाच जाडजूड ठरते. नुसतं पेट्रोल घ्या. लिटरमागे पाऊण किलो धरला तर ६० लिटरची भरलेली टाकी म्हणजे ४५ किलो.

अमेरिकन आकडे पौंडांत येतात. कॅल्क्युलेटर जवळ नसेल तर अर्धे करा आणि उत्तराचा दहावा हिस्सा वजा करा. ३,६८५ पौंडांचे अशा हिशेबाने १,६५८ किलो होतात, खरे १,६७१. गप्पांपुरतं चालून जातं.

दारं मोजून वजन कळत नाही

बीएमडब्ल्यू एम३ चार दारांची, एम४ दोन दारांची. सध्याच्या पिढीतली, मागच्या चाकांवर चालणारी कॉम्पिटिशन मॉडेलं घेतली, तर डीआयएनप्रमाणे एम३ १,७३० किलो आणि एम४ १,७२५ किलो. दोन दारं कमी केल्याची कमाई पाच किलो, किराण्यातली तांदळाची एक पिशवी.

असं का? कूपेचं दार लांब असतं. मागच्या सीटवर जाता यावं म्हणून ते लांब ठेवावंच लागतं. लांब दाराची काच मोठी, आतली धडक सोसणारी आडवी पट्टी लांब, आणि एवढा भार पेलायचा म्हणून बिजागऱ्याही दणकट. पार्किंगमध्ये शेजारी भिंत असताना असं दार एकदा उघडून बघा, त्याची लांबी लगेच कळते.

छप्पर काढलं की गाडी हलकी होते, हाही असाच गोड गैरसमज. छप्पर हे सांगाड्याचं झाकण असतं. ते गेलं की खालचा तळ आणि कडेच्या पट्ट्या जाड कराव्या लागतात. म्हणून एकाच मॉडेलची कन्व्हर्टिबल बहुतेक वेळा कूपेहून जड भरते.

सगळं खापर इंजिनावर फोडू नका

ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून इथे जरा थांबू. इंजिन तेवढंच असलेल्या, पण पिढी बदललेल्या दोन जोड्या बघा.

पहिली शेवरोले कॅमॅरो एसएस. पाचव्या पिढीत ६.२ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि सहाव्या पिढीतही ६.२ लिटरचंच व्ही८, ताकद उलट वाढलेली. तरीही २०१६ च्या मॉडेलला आलेली सहावी पिढी नव्वदहून जास्त किलोंनी हलकी झाली. कारण पाया बदलला. पाचवी पिढी झीटा नावाच्या प्लॅटफॉर्मवर होती, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या होल्डनच्या मोठ्या सेडानच्या घराण्यातली. सहावी अल्फा प्लॅटफॉर्मवर आली, तो कॅडिलॅक एटीएस या लहान सेडानचा.

दुसरी जोडी उलट दिशेची. मर्सिडीज-एएमजी जीटीच्या दोन्ही पिढ्यांत ४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही८. आधीची जीटी एस दोन सीटांची, मागच्या चाकांवर चालणारी, युरोपीय पद्धतीने १,६४५ किलो. नवी जीटी ६३ त्याच पद्धतीने १,९७० किलो. तिचा पाया एसएल या कन्व्हर्टिबलबरोबर वाटून घेतलेला आहे. शिवाय हव्या तर मागे दोन छोट्या सीटा, चारही चाकांना ताकद, मागची चाकंही वळणारी. सव्वातीनशे किलो वाढले आणि इंजिनाचा आकार तसाच.

कोणतीही कूपे जड का, हे शोधायचं असेल तर आधी तिचं घराणं विचारा, स्थळ बघताना विचारतो तसं. चॅलेंजर ही डॉज चार्जर आणि क्रायस्लर ३०० या भल्यामोठ्या सेडानांची बहीण. त्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, चार इंच कमी करून २,९४६ मिमीवर आणला, झाली कूपे. मस्टँगचा तेव्हाचा व्हीलबेस २,७२० मिमी. जीआर८६ मात्र पहिल्यापासून लहान, मागच्या चाकांवर चालणारी कूपे म्हणूनच आखलेली, त्यामुळे तिला कुणाच्या मापाचे कपडे उसने घ्यावे लागले नाहीत.

मग चारही चाकांना ताकद देण्याचा भार. निस्सान जीटी-आर आर३५ मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. ताकद एका शाफ्टने मागे जाते आणि पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या शाफ्टने परत पुढे येते. एवढा येरझारा घालणारी गाडी १,७५० किलोंच्या घरात गेली, तर नवल नाही.

‘ॲल्युमिनिअम’ शब्दाला भुलू नका

ॲल्युमिनिअम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, हे खरं. पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच. म्हणून पत्रा जाड करावा लागतो, आणि कागदावरची बचत प्रत्यक्षात बरीच आटते. आल्पीन ए११० हलकी आहे ती ॲल्युमिनिअममुळे, आणि तितकीच ती मुळात लहान असल्यामुळे. तिच्या साबेल्ट कंपनीच्या सीटा प्रत्येकी १३.१ किलोंच्या. हातब्रेकचं काम मागच्या चाकांचे ब्रेक आवळणाऱ्या मुख्य कॅलिपरमध्येच बसवून तिथे अडीच किलो वाचवले. वजन असं चिल्लर गोळा केल्यासारखं कमी होतं.

स्वतःच्या गाडीचा हिशेब

आपल्याकडे आरसीवर ‘अनलेडन वेट’ लिहिलेलं असतं, त्यात चालक धरलेला नसतो. पण आधीच्या मालकाने डिकीत सबवूफर आणि चाकांना मोठे अलॉय बसवले असतील, तर आरसी त्यांची दखल घेत नाही. खरं वजन हवं तर हायवेलगतच्या वजनकाट्यावर जा. उसाचे ट्रॅक्टर आणि वाळूचे डंपर तोलणारा माणूस आधी तुमच्या गाडीकडे बघेल, मग विचारेल, ‘रिकामी का भरलेली?’ रिकामी म्हणा आणि खाली उतरा.

आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. दोन पावत्यांतून पुढे-मागे भार कसा वाटलाय ते कळतं. काट्याचा फलाट आणि बाहेरची जमीन एका पातळीत असायला हवी, नाहीतर पहिली पावती फसवते.

मात्र स्टेपनी काढून किती वाचले, हे तिथे शोधू नका. असे काटे ५, १० किंवा २० किलोंच्या टप्प्यांनी मोजतात आणि तुमची बचत त्या टप्प्यातच गडप होते. त्यासाठी घरचा काटा पुरतो. स्टेपनी उचलून त्यावर उभे राहा, मग तिच्याविना, आणि दोन आकड्यांची वजाबाकी करा. कंबर सांभाळा.